पलीकडची गच्ची

तिसऱ्या सोमवारीही पलीकडच्या गच्चीवरून उत्तर आलं नाही, तेव्हा कार्मना ओली चादर खांद्यावर टाकून मधल्या भिंतीकडे नुसती बघत राहिली.

बाई होती तिथंच. चिमटे दोरीवर बसल्याचा टकटक आवाज येत होता, ओलं कापड झटकल्याचा आवाज येत होता, आणि मधूनच भिंतीच्या वर दोन हात दिसत होते. हात स्टियेनाचेच. लेस विणून विणून उजव्या हाताचं पहिलं बोट वाकडं झालेलं, ते लांबूनही ओळखू यायचं. भिंत माणसाच्या डोक्याहून हातभर उंच, त्यामुळं गेली वीसेक वर्षं कार्मनाला बहिणीचे एवढेच हात दिसत आले होते. चर्चमध्ये पाठ दिसायची आणि गच्चीवर हात. गल्लीत समोरासमोर गाठ पडायची वेळ आली, की दोघींपैकी एक जण पायरीवर बसून चपलेतला खडा शोधू लागायची. हात म्हातारे होताना कार्मनानं पाहिले होते. चेहऱ्याचं काय झालं, ते तिला धड माहीत नव्हतं.

दक्षिणेचा दमट वारा पडून राहिला होता. अशा दिवशी झेइतुन गावाच्या साऱ्या गच्च्या जमिनीपासून सुटून तरंगतायत असं वाटतं. मोठ्या चर्चचा घुमट नुसता रेघेसारखा उरलेला, समुद्र कुठं संपतो आणि आभाळ कुठं सुरू होतं याचा पत्ता नाही, आणि त्या धुरकटात घरोघरच्या चादरी हळूहळू हालत होत्या. अशा हवेत शहाणी बाई धुणं काढत नाही. पण सोमवार म्हणजे धुणं, आणि पाखरंवाल्यांच्या पोरींना शहाणपण कधी कुणी शिकवलं नव्हतं. त्यांचा बाप पिंजऱ्यातले लिनेट पक्षी विकायचा, म्हणून आडनाव काहीही असलं तरी गल्लीत त्या जन्मभर पाखरंवाल्यांच्याच.

कार्मनानं घसा साफ केला आणि पुन्हा एकदा तेच म्हटलं, या वेळी जरा वरच्या पट्टीत:

*काय बाई त्या चादरीचा*
*पिवळा पडला रंग,*
*साबणाशी का झालं भांडण*
*की पाण्याचा सोडला संग?*

एरवी याला उत्तर यायला चिमटा उचलायचाही वेळ लागला नसता. हेच कडवं तिनं चार वर्षांपूर्वी एकदा टाकलं होतं, आणि पलीकडून असा काही जबाब आला होता, की कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानातसुद्धा लोक आठवडाभर तो म्हणत होते:

*चादर माझी पिवळी, बाई,*
*उन्हात होईल गोरी,*
*काळी जीभ वाळत घालायला*
*कुठून आणू दोरी?*

त्या दिवशी कार्मना रागानं लाल झाली होती आणि मनातल्या मनात म्हणाली होती, वा! आज मात्र भिंतीपलीकडून फक्त एक चिमटा खाली पडल्याचा आवाज आला. हात वर आले, शेवटची उशीची खोळ अडकवली आणि गेले. दार लागलं.

कार्मना धाडधाड जिना उतरून स्वयंपाकघरात आली. तिचा नवरा वीजी गोदीतून निवृत्त झाल्यापासून दिवसभर तिथंच बसून गिटारीच्या तारा बदलत असे. 

"बघितलंत? तिसरा सोमवार! शिव्या खायचीसुद्धा लायकी उरली नाही का माझी?"

"मग बरंच झालं की," वीजी तारेकडे बघत म्हणाला. "शांतता."

"तुम्हाला शांतता हवी होती तर पाखरंवाल्यांकडे कशाला आला होता लग्नाला?"

वीजीनं पुढची तार पिळायला घेतली. चाळीस वर्षांच्या संसारात त्याला एवढं कळलं होतं, की या प्रश्नाला उत्तर नसतं.

बोलणं कशावरून बंद झालं होतं, ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी काढत नव्हतं. स्टियेनाचा नवरा जान्नी मेलबर्नला गेला होता. जहाजातून रुमाल हलवला तोच शेवटचा. स्टियेना सगळ्यांना सांगायची, पत्र येतं, पैसे येतात, पुढच्या वर्षी बोलावतो म्हणतोय. खरं काय ते एका संध्याकाळी तिनं फक्त धाकट्या बहिणीच्या कुशीत तोंड खुपसून सांगितलं होतं: एकही ओळ नाही, कार्मना, पोहोचल्याचीसुद्धा नाही. 

आणि पुढं एका सोमवारी, गच्चीवर नेहमीसारखी लटकी भांडाभांडी रंगात आलेली, आजूबाजूच्या दहा गच्च्यांवरच्या बायका हातातलं काम टाकून ऐकतायत, स्टियेनानं कार्मनाच्या करपलेल्या मॅकरोनीवरून एक झणझणीत कडवं टाकलेलं, लोक हसतायत. आणि कार्मनाला उत्तर सुचेना. असं कधी झालं नव्हतं. गुत्त्यातल्या गाण्यात दोन कडव्यांच्या मध्ये गिटार वाजते, तशी असती तर तेवढा वेळ तरी मिळाला असता. जिभेवर जे पहिलं आलं ते तिनं फेकलं:

*गल्लीत येतो पोस्टमन, बाई,*
*हाक घालतो घरोघरी,*
*एकीची मात्र परदेशी पत्रं*
*येतात नुसत्या वाऱ्यावरी.*

जुळलं तर झकास होतं. शेवटची ओळ तोंडातून सुटली आणि दहा गच्च्या गप्प झाल्या. गाण्यात काहीही चालतं, करपलेलं जेवण, जाड कंबर, आळशी नवरा. पण नाव घ्यायचं नाही, आणि विश्वासानं सांगितलेलं दुखणं तर मुळीच काढायचं नाही. दारूच्या गुत्त्यात गाणारे पुरुषसुद्धा एवढं पाळतात.

त्या दिवसापासून स्टियेना धाकटीशी बोलली नाही. पण पुढच्या सोमवारी बरोबर आठ वाजता तिनं गाण्यातून उत्तर मात्र दिलं, कारण उत्तर दिलं नाही तर हार होते. मग ते तसंच चालू राहिलं. बोलणं बंद, गाणं चालू. कार्मनाला क्षमा मागायची होती, पण गाणाऱ्या बाईला भांडणाच्या सुरात क्षमा कशी मागायची ते ठाऊक नसतं, आणि बोलण्याचं दार लागलेलं. ती दर सोमवारी नवीन भांडण काढून वर जात राहिली. तेवढं तरी उघडं होतं.

आणि आता तेही बंद झालं होतं.

त्या रविवारी नातवाचं वर्ष भरलं. घरात सगळे जमले: मुलगा पावलू, त्याची बायको ईवॉन, लेक झारेन, आणि ज्याच्यासाठी सगळं होतं तो मत्तेव. ईवॉन त्याला मॅथ्यू म्हणायची. कार्मना मुद्दाम, जरा जास्तच जोरात, मत्तेव म्हणायची.

सकाळी अंगणातल्या विहिरीत बादली सोडताना कार्मना थबकली. दोन्ही घरांना विहीर एकच, गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवणारी. तोंडं मात्र दोन, एक इकडच्या अंगणात, एक तिकडच्या. आतल्या काळोखातून एक खोकला आला. घोगरा, खरवडल्यासारखा, आणि बराच वेळ पाण्यावर फिरत राहिला. कोण पुरुषमाणूस आलाय हिच्याकडे, असं कार्मनाच्या मनात आलं. बादली भरून वर आली तरी ती काठावर वाकूनच होती.

जेवणं झाली, सशाच्या रश्श्यात पाव बुडवून बुडवून वाट्या पुसून झाल्या, आणि कार्मनानं मधल्या खोलीत चटई पसरून तबक मांडलं. त्यात अंडं, जपमाळ, लेखणी, कात्री, मोजपट्टी, मूठभर गहू, वीजीच्या आग्रहानं गिटारीची एक तार. एक वर्षाचं पोर रांगत जाऊन जे उचलेल त्यावरून पुढं काय होणार ते ठरतं. पावलूनं याच तबकातून हातोडी उचलली होती आणि तो विमा कंपनीत चिकटला, पण त्याबद्दल कुणी बोलत नसे.

"तिकडून इंग्रजीत हाक मारू नकोस हं," कार्मनानं सुनेला बजावलं. "नाहीतर काहीतरी भलतंच उचलेल. क्रिकेटची बॅट वगैरे."

"बॅट तबकात नाहीये, आई."

"तरी शोधून काढेल. तुझाच मुलगा."

ईवॉन हसली नाही, रागावलीही नाही. ती स्लीमाची. तिकडचे लोक समुद्रकाठी राहतात आणि एकमेकांशी इंग्रजी बोलतात. लग्न होऊन आली तेव्हा गल्लीतल्या बायकांनी तिच्या बुटांपासून उच्चारापर्यंत सगळं तोंडपाठ केलं होतं. कार्मनाच्या मते ही मुलगी वाईट नव्हती, फक्त पाण्यात मीठ घालायला विसरल्यासारखी होती.

पावलूनं पोराला चटईच्या टोकाला ठेवलं. मत्तेवनं तबकाकडे पाहिलं. सगळ्यांनी श्वास रोखला. मग तो सरळ रांगत निघाला, तबकाच्या बाजूनं, अंड्याला गुडघा लावत, आजोबांच्या पायांमधून, आणि थेट अंगणाच्या दाराशी जाऊन बसला. बसला आणि मान वर करून, तोंड अर्धवट उघडं ठेवून, वर आभाळाकडे कान लावून राहिला.

"झालं!" वीजी म्हणाला. "हवामान खात्यात जाणार."

"पळून जाणार," झारेन म्हणाली. "आपल्याकडे बघून ठरवलं त्यानं."

सगळे हसले. ईवॉनच हसली नाही. ती पोराजवळ जाऊन खाली बसली. 

"तो वाट बघतोय," ती म्हणाली.

"कशाची?"

"तुमची. तुमची आणि मावशींची." ती जरा अडखळली. ती आणि पावलू कोपऱ्यावरच्या घरात राहायचे, आणि तिथली मागची खिडकी गच्च्यांकडे उघडायची. "जन्मल्यापासून सोमवारी सकाळी मी खिडकी उघडून त्याला तिथं घेऊन बसते. तुमचं सुरू झालं की हा रडायचा थांबतो. मला निम्मंच कळतं. उरलेलं रात्री पावलूला विचारते."

"आणि मी अर्ध्याचे अर्थ खोटे सांगतो," पावलू म्हणाला. "लाज वाटते."

"इंग्रजी बोलणाऱ्या घरात आमची भांडणं कशाला हवीत गं?" कार्मना म्हणाली, पण आवाजातला कडकपणा जरा उतरला होता.

"आमच्या घरी माल्टीज फक्त मोलकरणीशी बोलायचे, आई. 'भांडी घास' आणि 'उद्या लवकर ये' एवढीच भाषा मला येत होती. या भाषेत इतकं चांगलं भांडता येतं, हे मला इथं येऊन कळलं. मला वाटलं, याला तरी पहिल्यापासून येऊ दे." ईवॉननं पोराच्या मानेवरचा घाम पुसला. "तीन सोमवार झाले, हा खिडकीशी बसतो आणि तुम्ही एकट्याच. मग तो रडतो."

कार्मनानं तबकातली कात्री उगाच सरळ केली. सुनेनं आपलं भांडण ऐकायला खिडकी उघडली होती, आणि आपण दोन वर्षं तिला मीठ नसलेली म्हणत होतो. अशा वेळी माणूस मऊ होतं नाहीतर चिडतं. कार्मना चिडली.

"माझा काय दोष? मी गातेय. तिलाच माज आलाय! बाईसाहेबांना आता आमच्याशी भांडणंसुद्धा कमीपणाचं वाटतं!"

"माज नाही, आई," झारेन म्हणाली.

"तुला गं काय माहीत?"

झारेनचे कान लाल झाले, आणि कार्मनानं पोटच्या पोरीचे कान ओळखले नसते तर ती कसली आई.

"झारेन. तू तिच्याकडे जातेस?"

झारेननं चटईचं टोक मुडपलं.

"किती दिवस?"

"लहानपणापासून," झारेन म्हणाली. "शाळेतून येताना. मागच्या दारानं."

कार्मनानं हात कमरेवर ठेवले आणि बाकीच्यांकडे वळली. पावलू खिडकीबाहेर बघू लागला. 

"पावलू?"

"मासळी आणली की एखादी देतो तिला. एकटी बाई, आई. एखादीच."

"आणि तुम्ही?"

वीजीनं टेबलावरच्या तारेला गाठ मारली. "गॅसचा सिलिंडर कोण बदलणार होता तिचा? जान्नी?" हे नाव वीस वर्षांत पहिल्यांदा या घरात उच्चारलं गेलं, आणि उच्चारल्यावर वीजीच घाबरला.

"म्हणजे," कार्मना हळूहळू म्हणाली, "या घरात एवढी वर्षं मी एकटीच भांडत होते?"

"तुमच्या दोघींपैकी कुणालाच दुखवायचं नव्हतं," पावलू म्हणाला. "इकडे आलो की इकडचे, तिकडे गेलो की तिकडचे."

"दोन्ही दगडांवर पाय! आणि खाऊन-पिऊन! मग विचारलं का नाही तिला, का गप्प आहे म्हणून?"

"मी गेलो होतो परवा," वीजी म्हणाला. "दार अर्धवट उघडलं. गळ्याला हात लावून खूण केली, घसा बसलाय म्हणून. आणि लावून घेतलं."

विहिरीतला खोकला कार्मनाला आठवला. पुरुषमाणूस कुणी आलं नव्हतं तर. तिचे हात कमरेवरून आपोआप खाली आले.

"झारेन," ती म्हणाली. "बोल."

"मावशीनं शपथ घातलीय."

"मी आई आहे तुझी. शपथ मी सोडवते. बोल."

झारेन रडायला लागली आणि रडता रडताच बोलली. घशात गाठ निघाली होती. झारेननंच तिला दवाखान्यात नेलं होतं, एकदा नव्हे, चारदा. बुधवारी ऑपरेशन. जीव वाचेल, डॉक्टर तसं खात्रीनं म्हणाले होते. आवाज वाचणार नाही.

"आत्ताच फाटल्यासारखा येतो," झारेन म्हणाली. "बोलते थोडं, पण वर चढत नाही. पहिल्या सोमवारी गच्चीवर गेली आणि तोंड उघडलं, तर सूरच लागेना. खाली आली आणि मला म्हणाली, तिला सांगशील तर बघ. कीव करेल माझी. तिनं मला शिव्या दिलेल्या चालतील, कीव नको."

मत्तेव दाराशी बसून अजून वर बघत होता. दूरच्या कुठल्यातरी गावाच्या जत्रेचे फटाके त्या दमट हवेत बुडबुड्यांसारखे फुटत होते.

"मी जाऊन येते," ईवॉन म्हणाली. "मी निरोप नेते. मी कुणाच्याच बाजूची नाहीये."

"मी जातो," पावलू म्हणाला. "आई, तू आलीस तर ती दार उघडणार नाही."

"आपण सगळेच जाऊ," वीजी म्हणाला.

"कुणी कुठं जायचं नाही," कार्मना म्हणाली आणि तबकातलं अंडं उचलून जाग्यावर ठेवायला निघाली. स्वयंपाकघरात गेल्यावर ते तिच्या हातातून पडलं आणि फुटलं. ते पुसायच्या निमित्तानं ती जमिनीवर बसली आणि बराच वेळ उठली नाही. दार वाजवलं तर बहीण ते कीव म्हणूनच घेणार, आणि नाही वाजवलं तर बुधवार येणार. बुधवारनंतर आपण वर जाऊन काहीही म्हटलं तरी पलीकडून उत्तर येणार नव्हतं, आणि ती वाऱ्यावरची पत्रं दोघींच्या मध्ये कायमची लटकत राहणार होती. कार्मनाला भीती वाटली. साधी, लहानपणी विहिरीत डोकावताना वाटायची तशी.

सोमवारी धुण्यासारखं काही नव्हतंच. तरी तिनं धुतलेल्याच चादरी पुन्हा भिजवल्या आणि टोपली कमरेवर घेऊन वर गेली.

वारा अजून तोच. गच्च्या, घुमट, पाण्याच्या टाक्या सगळं दुधात ठेवल्यासारखं दिसत होतं. कोपऱ्यावरच्या घराची मागची खिडकी उघडी होती, आणि तिच्यात ईवॉन पोराला मांडीवर घेऊन बसली होती. आजूबाजूच्या गच्च्यांवर आज जरा जास्तच बायका होत्या. गल्लीत बातमी पसरायला विहीर एक असावी लागत नाही.

भिंतीच्या वर हात आले. चादर टाकली. चिमटा लावला.

चार कडवी कार्मनानं रात्रभर मनात घोळवली होती, सगळी चांगली, सगळी तिखट. त्यातलं एकही तिला आठवलं नाही. तोंडात आलं ते दुसरंच, आणि ते तिनं साध्या, खालच्या सुरात म्हटलं:

*तीन सोमवार झाले, बाई,*
*पलीकडची गच्ची मुकी,*
*एकटीनं मी भांडू कशी गं,*
*माझीच सांगू का चुकी?*

हात दोरीवर थांबले. शेजारच्या कुठल्यातरी गच्चीवर कुणीतरी बादली हळूच खाली ठेवली.

कार्मना थांबली. गिटार वाजत असती तर जितका वेळ गेला असता, तितका वेळ ती थांबली. उत्तर नाही. नाहीच येणार. उत्तर दिलं नाही तर हार होते, आणि स्टियेना आयुष्यात एकदाही हरलेली नव्हती. तिला अशी, घशातल्या एका गाठीपायी, सगळ्या गल्लीसमोर हरू द्यायचं कार्मनाच्या जिवावर आलं. 

म्हणून तिनं डोळे मिटले आणि बहिणीचा सूर लावला. तो तिला पाठ होता. पहिल्या ओळीला स्टियेना जरा रेंगाळायची, दुसरीचा शेवट वर उचलून सोडून द्यायची, तिसरी भरभर. त्या सुरात बहिणीच्या वतीनं कार्मना स्वतःलाच बोलायला लागली. क्षमेचे शब्द तिनं घातले नाहीत, ते घालण्याचा अधिकार तिचा नव्हता. तिनं तेच घातलं, जे वीस वर्षं पलीकडून येईल म्हणून ती घाबरत आली होती:

*पोटातली गोष्ट सांगितली तुला,*
*वेशीवर टांगलीस, बाई,*
*बहीण म्हणून हाक नको मारूस,*
*मला तर बहीणच नाही.*

शेवटी तिचा आवाज फुटला. कोपऱ्यावरच्या खिडकीत मत्तेवनं टाळी वाजवली आणि ईवॉननं पटकन त्याचे हात धरले.

भिंतीपलीकडं काहीच हललं नाही. मग चिमटा भिंतीवर वाजला. टक्. टक् टक्. मग एक आवाज आला, घोगरा, खरवडलेला, विहिरीतून यावा तसा, आणि तो गात नव्हता. बोलत होता.

"तिसरी ओळ लंगडी आहे."

कार्मनानं भिंतीचा आधार घेतला.

"काय?"

"लंगडी आहे. 'हाक नको मारूस' म्हणे. ढेकळात गाडी गेल्यासारखं." खोकला. "वीस वर्षं ऐकून एवढंच शिकलीस? माझ्या नावावर असलं खपवू नकोस, सगळी गल्ली ऐकतेय."

"मग तू म्हण ना!"

"म्हणता आलं असतं तर तुला म्हणू दिलं असतं का?" पलीकडे बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत राहिला. "आणि चौथी ओळ. ती तर माझी नाहीच. असं मी कधी म्हटलंय?"

"नाही."

"एवढ्या वर्षांत एकदा तरी म्हटलंय?"

"नाही, ताई."

"मग?"

कार्मनाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायला तिच्याजवळ ओल्या चादरीशिवाय काही नव्हतं. "मला वाटलं, मनात असेल."

"मनात काय होतं ते मी सांगते. नीट ऐक, पुन्हा सांगायला घसा नाही." आणि स्टियेनानं, सूर न लावता, बाजारात भाव सांगावा तसं सांगितलं:

*पोटातली गोष्ट सांगितली तुला,*
*वेशीवर टांगलीस, बाई.*
*भांडू कुणाशी? दुसरी बहीण*
*देवानं दिलीच नाही.*

शेजारच्या गच्चीवर एका म्हातारीनं नाक शिंकरलं. वीजी जिन्याच्या तोंडाशी कधीचा येऊन उभा होता. त्याला वर यायचं धाडस होत नव्हतं आणि खाली जाववत नव्हतं.

"जान्नीचं ते मी म्हणायला नको होतं," कार्मना भिंतीला म्हणाली. "जुळत होतं म्हणून म्हटलं."

"जुळत होतं खरं," पलीकडून आवाज आला. "तेवढंच वाईट होतं त्यात. वाईट जुळलं असतं तर मी लवकर विसरले असते."

"बुधवारी मी येणार दवाखान्यात."

"ये. पण तिथं रडलीस तर बाहेर घालवीन. आणि हे बघ," आवाज आता अगदी बसला होता, कार्मनानं कान भिंतीला लावला. "पुढच्या सोमवारपासून माझंही तूच म्हणायचंस. दोन्हीकडचं. ते पोर खिडकीत बसतं. मला दिसतं इथून. त्याला अर्धवट नको ऐकवूस."

"मला तुझ्यासारखं सुचत नाही गं."

"ठाऊक आहे. चुकलीस की मी वाजवीन."

दोन हात भिंतीवर आले, पण या वेळी दोरीकडे गेले नाहीत. वाकड्या बोटाचा हात भिंतीच्या माथ्यावरून इकडे उतरला आणि हवेत थांबला. कार्मना टाचा उंचावून उभी राहिली, तरी तिला फक्त त्याची बोटं धरता आली. ती गार होती, साबणानं सुरकुतलेली होती. पुरेशी होती.

"चल," भिंत म्हणाली. "पहिल्यापासून. आणि चादरीवरून सुरू कर, रडगाण्यावरून नको."

कार्मनानं नाक पुसलं, घसा साफ केला आणि सुरुवात केली. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, आणि तिसरीवर ती जरा घसरली.

टक्, भिंतीवर चिमटा वाजला.